व्हॅलेन्सियाचे पाट

नकाशावर व्हॅलेन्सिया भूमध्य समुद्राला खेटून दिसतं. लोकसंख्येत स्पेनमधलं तिसरं मोठं शहर, मोठं बंदर, मैलोन्‌मैल वाळू. पण जुन्या शहरात उतरून समुद्र शोधू लागलं, तर तो दिसत नाही, ऐकूही येत नाही. कॅथेड्रल, बाजार, चौक, दरवाजे सगळं आत, किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर लांब. इसवीसनपूर्व १३८ मध्ये रोमनांनी ही वसाहत उभारली ती तूरिया नदीच्या कुशीत, आणि पुढची दोन हजार वर्षं शहरानं नदीकडेच तोंड करून संसार केला. समुद्रकिनाऱ्यावरचं गाव म्हणून जे तिथं जातात ते ट्राम पकडून थेट वाळूवर पोचतात आणि परत येतात. आम्ही उलट गेलो. पाण्याचा माग काढत गेलो, आणि त्या मागावरच आम्हाला तिथले भात, तिथली सरबतं आणि तिथली माणसं भेटली.

याचं श्रेय अण्णांना. माझे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. जन्म साक्री तालुक्यातला, पांझरा नदीच्या काठचा; नोकरीतली बरीचशी वर्षं चाऱ्या, दरवाजे आणि शेतकऱ्यांची भांडणं यांत गेली. निवृत्तीनंतर ते पुण्यात माझ्याकडे असतात. धाकटी बहीण संशोधनासाठी व्हॅलेन्सियाला राहते. गेल्या वसंतात, ईस्टरच्या सुमारास, आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. तिनं काढलेल्या यादीत संग्रहालयं होती, किनारे होते. अण्णांनी विमानतळावरून घरी जातानाच टॅक्सीच्या खिडकीतून बोट दाखवून विचारलं, "एवढं रुंद काँक्रीटचं पात्र, आणि पाणी वीतभर. ही नदी कुणी हलवली?"

नदी खरंच हलवलेली आहे. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तूरियाला महापूर आला. त्याच दिवशी पाण्याचे दोन लोंढे आले. पहिला ओसरतोय असं वाटून लोक चिखल काढायला लागले, तोवर दुसरा त्याहून मोठा आला. किमान ८१ माणसं गेली. जुन्या वस्तीतल्या काही भिंतींवर पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या पाट्या अजून आहेत, आणि त्या वाचायला मान वर करावी लागते. त्यानंतर सरकारनं नदीच शहराबाहेर न्यायचं ठरवलं. दक्षिणेकडून सुमारे १२ किलोमीटरचं नवं पात्र खोदलं, सेकंदाला ५,००० घनमीटर पाणी वाहून नेईल एवढ्या क्षमतेचं. १९६९ मध्ये ते तयार झालं आणि शहराच्या मधोमध एक रिकामं, कोरडं पात्र उरलं, डोक्यावर शतकांचे दगडी पूल घेऊन.

त्या रिकाम्या पात्रातून मोटारींचा हमरस्ता न्यायचा बेत होता. माद्रिदहून येणारी वाहतूक थेट बंदरापर्यंत जावी म्हणून. लोकांनी विरोध केला. नदीचं पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवंय, अशा अर्थाची घोषणा व्हॅलेन्सियन भाषेत भिंतीभिंतीवर उमटली. फ्रँकोच्या हुकूमशाहीची ती अखेरची वर्षं होती. रस्त्यावर उतरणं सोपं नव्हतं. १९७६ मध्ये जागा शहराच्या ताब्यात आली आणि ऐंशीच्या दशकात तिथं बाग उभी राहू लागली. आज ती जवळपास नऊ किलोमीटर लांब आहे. खाली खजूर, पाइन, संत्र्याची झाडं, सायकलींच्या वाटा, फुटबॉलची मैदानं. वर पूल तसेच. सेरानोस दरवाजासमोरच्या जुन्या पुलाच्या कमानीखालून लोक धावत, गप्पा मारत जातात, तेव्हा इथून कधी पाणी वाहत होतं हे दगडांवरूनच कळतं.

मी पुण्यात राहते. मुठेच्या पात्रातला रस्ता माझ्या येण्याजाण्याचा आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाचं पुणं मी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. दोन शहरं, चार वर्षांच्या अंतरानं आलेले दोन पूर. एकानं नदी बाहेर काढली आणि पात्र लोकांना दिलं. दुसऱ्यानं नदी तिथंच ठेवली आणि पात्रात भराव टाकत गेलं. मला व्हॅलेन्सियाचा हेवा वाटला हे मी मान्य करते. अण्णांना तितका वाटला नाही. "पाणी हलवलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जातं," ते म्हणाले, "दक्षिणेला कोण राहतं ते बघू या." त्याकडे नंतर येते.

ईस्टरच्या सोमवारी ही बाग माणसांनी भरून गेली होती. चादरी अंथरलेल्या, पतंग उडत होते, आणि प्रत्येक चादरीवर 'मोना' होती: गोडसर, मऊ पाव आणि त्याच्या मधोमध बसवलेलं अख्खं उकडलेलं, रंगवलेलं अंडं. ते अंडं फोडायची रीत म्हणजे शेजारच्याच्या कपाळावर आपटायचं. धाकटीच्या मैत्रिणीच्या सहा-सात वर्षांच्या मुलानं अण्णांकडे अंदाज घेत पाहिलं. अण्णांनी टोपी काढली आणि कपाळ पुढे केलं. त्यानंतर तो मुलगा दिवसभर त्यांच्याच आसपास होता.

एप्रिलमध्ये शहरभर एक वास असतो, तो संत्र्याच्या मोहोराचा. रस्त्याकडेची झाडं कडू संत्र्याची. फळ तोंडात घेण्यासारखं नाही, पण फुलांचा वास संध्याकाळी इतका दाट होतो की गल्लीत वळताच थांबावंसं वाटतं.

गुरुवारची सकाळ मी सगळ्यात तपशिलानं सांगणार आहे, कारण त्यासाठी मी पुन्हा एवढ्या लांब जाईन.

कॅथेड्रलच्या एका अंगाला 'अपोस्तलांचा दरवाजा' आहे, समोर व्हर्जिनचा चौक. चौकातल्या कारंज्यात एक भरदार पुरुष रेलून पहुडलाय, तो तूरिया; भोवती घागरी घेतलेल्या आठ मुली, त्या म्हणजे नदीतून निघालेले आठ मुख्य पाट. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता या दरवाजात पाण्याचं न्यायालय भरतं. लोखंडी कठड्याच्या आत अर्धवर्तुळात लाकडी खुर्च्या मांडतात. घंटा बाराचे ठोके देते आणि काळे ढगळ अंगरखे घातलेले आठ जण येऊन बसतात. प्रत्येक जण एका पाटाचा प्रमुख. वकील नाहीत, निवृत्त न्यायाधीश नाहीत. शेतकरी आहेत, त्या त्या पाटावरच्या बागाईतदारांनी निवडून दिलेले. हातात पितळी आकडीची काठी घेतलेला शिपाई उभा राहतो आणि एकेका पाटाचं नाव पुकारतो: क्वार्तच्या पाटावरचे कुणी आरोपी आहेत का? मिसलाताच्या? फावाराच्या? रास्कान्याच्या? ती आकडी पूर्वी पाटांच्या दारांतल्या फळ्या उचलायला वापरायचे.

तक्रार असेल तर फिर्यादी आणि आरोपी समोर येतात. सगळं तोंडी, सगळं व्हॅलेन्सियन भाषेत. अध्यक्ष सांगतील तेव्हा बोलायचं, सांगतील तेव्हा गप्प बसायचं. ज्या पाटाचा वाद, त्या पाटाचा प्रमुख निकालात भाग घेत नाही. निकाल तिथल्या तिथे, आणि त्यावर अपील नाही. गुन्हे कसले? पाळी नसताना पाणी घेतलं. दार उघडं टाकून शेजाऱ्याचं शेत बुडवलं. आपल्या हद्दीतली चारी साफ केली नाही. अरबांच्या काळापासून हे चालत आलंय असं मानतात. परंपरा त्याचा आरंभ इसवी सन ९६० मध्ये धरते, आणि १९६० मध्ये सहस्राब्दी साजरी झाली. १२३८ मध्ये राजा जाउमे यानं शहर जिंकलं तेव्हा सत्ता बदलली, धर्म बदलला. पाटांची व्यवस्था मात्र त्यानं होती तशी ठेवली. २००९ मध्ये युनेस्कोनं मुर्सियाच्या अशाच न्यायसभेबरोबर हिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

त्या दिवशी तक्रार नव्हती. आठ नावं पुकारली गेली, आठ वेळा चौक शांत राहिला, सभा संपली. पाच मिनिटंही लागली नसतील. आमच्या पुढचे काही प्रवासी जरा हिरमुसले. अण्णांचे डोळे भरून आले होते. मी विचारल्यावर ते म्हणाले, "तक्रार नाही याचा अर्थ काय ते कळतंय का तुला? या आठवड्यात सगळ्यांना पाणी मिळालं."

मग चौकातल्या पायऱ्यांवर बसून त्यांनी आम्हा दोघींना पांझरेची फड पद्धत पुन्हा सांगितली, लहानपणी सांगायचे तशी. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी पाटकऱ्यानं सोडायचं. शेतकऱ्यानं स्वतः दाराला हात लावायचा नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि जे फड कोरडे ठेवायचे ते सगळ्यांचेच कोरडे. कोण बंधाऱ्याजवळ आणि कोण शेपटाला, यानं फरक पडायचा नाही. व्हॅलेन्सियातही मूळ तत्त्व असंच आहे. कुणालाही इतके लिटर म्हणून पाणी ठरवून दिलेलं नाही. नदीत जेवढं असेल त्याचा हिस्सा मिळतो, आणि नदी आटली की सगळ्यांचे हिस्से एकाच प्रमाणात आटतात. शिवाय पाणी जमिनीला बांधलेलं. जमीन न विकता नुसतं पाणी विकता येत नाही. आमच्याकडच्या फडांचं वरच्या अंगाला धरणं झाल्यावर काय झालं, किती बंधारे आता नुसतेच उभे आहेत, हे अण्णांनी नोकरीत डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल ते फारसं बोलले नाहीत. आकडी घेतलेल्या शिपायाजवळ जाऊन त्यांनी हात जोडले, आणि त्या गृहस्थानं आकडी त्यांच्या हातात दिली.

धाकटीनं मग भूक लागल्याचं जाहीर केलं. खरं तर त्या शहरात सकाळपासून कुणी उपाशी राहतच नाही. दहाच्या सुमाराला 'एस्मोर्सारेत' असतं. पहाटे शेतावर किंवा बंदरावर गेलेल्या माणसाची ही न्याहारी, आणि ऑफिसातली माणसंही ती तितक्याच निष्ठेनं करतात. बसल्याबसल्या टेबलावर शेंगदाणे आणि ऑलिव्ह येतात, मागावे लागत नाहीत. मग हातभर लांबीचा पाव, आत बटाट्याचं जाड ऑम्लेट किंवा घोड्याचं मांस किंवा काळं सॉसेज, तळलेल्या मिरच्या, कांदा. शेवटी 'क्रेमाएत': रममध्ये साखर, दालचिनी, लिंबाची साल आणि कॉफीचे दाणे घालून ती पेटवायची, ज्वाला विझली की वर कॉफी ओतायची. काचेच्या छोट्या पेल्यात थर वेगवेगळे दिसतात. खानदेशी माणसासमोर कुणी आपण होऊन शेंगदाणे ठेवले की त्याला ते गाव आपलंच वाटतं. अण्णांनी सालं काढत काढत दाण्याची जात, माती आणि पावसाचं मान यांची चौकशी केली. बारवाल्यानं सगळ्याला उत्तरं दिली; त्याच्या काकाचं शेत होतं.

मध्यवर्ती बाजार आणि रेशमाचा सट्टाबाजार, म्हणजे 'लोन्हा', एकमेकांसमोर आहेत. बाजाराची इमारत १९२८ ची. लोखंड, काच आणि रंगीत फरशा, मधोमध घुमट. केशराच्या इवल्या डब्या, वाळक्या मिरच्यांच्या माळा, जिवंत गोगलगायी जाळीच्या पिशव्यांत, तांदळाची पोती. लोन्हा पंधराव्या शतकाच्या अखेरीस पेरे कोंप्ते यानं उभारायला घेतली. तिचे पिळदार खांब वर जाऊन छतात पसरतात. सभागृहाच्या भिंतीवर चहूबाजूंनी लॅटिन लेख फिरवलाय: व्यापारात कपट करू नये, दिलेला शब्द मोडू नये, व्याजानं पैसा लावू नये, असं वागणाऱ्याला संपत्तीही मिळेल आणि चिरंतन जीवनही. रोज सौदे करणाऱ्यांच्या नजरेसमोर हे ठेवणं मला फार आवडलं.

वास्तुकार कॅलाट्रावाची 'कला आणि विज्ञान नगरी' पोस्टकार्डांवर सगळ्यात जास्त दिसते. जुन्या पात्राच्या खालच्या टोकाला पांढऱ्या, हाडांच्या सापळ्यासारख्या प्रचंड इमारती आणि उथळ निळे तलाव. १९९८ पासून ती टप्प्याटप्प्यानं उघडत गेली. फेलिक्स कांदेलाच्या रेखनातल्या, कमळासारख्या छताच्या मत्स्यालयात मुलांबरोबर जावं. बाकी ती जागा बघण्यापेक्षा फोटो काढण्यासाठी जास्त आहे, असं माझं मत झालं.

उत्तरेला आल्बोराया. मेट्रोनं थोड्याच वेळात पोचतो, आणि इमारती संपल्या की एकदम शेतं लागतात. काळी, भुसभुशीत, सपाट. मधून हातभर रुंदीचे पाट, दगडी दारं, त्यांत सरकवलेल्या फळ्या. ही 'होर्ता', शहराची भाजीची शेती. तिच्यातला मोठा हिस्सा इमारतींनी खाल्लाय, उरलेला वाचवायला लोक झगडतायत. आर्टिचोक, कांदा, कोबी, आणि चुफा. चुफा ही लव्हाळ्याच्या, नागरमोथ्याच्या कुळातली वनस्पती. तिच्या मुळाशी हरभऱ्याएवढ्या गाठी धरतात. वसंतात लावायच्या, हिवाळ्यात काढायच्या आणि महिनोन्‌महिने वाळवायच्या. मग भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून जे दुधासारखं पांढरं पेय होतं ती 'ओर्चाता'. बर्फगार पितात, 'फार्तोन' नावाचे लांबोडके गोड पाव बुडवून खातात. चवीला कच्च्या बदामाच्या जवळ, पण मागे मातीचा एक गोडवा राहतो. ओर्चाता बाटलीतली पिऊ नये. त्या दिवशी गाळलेली, शेताजवळ बसून प्यावी.

आम्ही पाटाच्या कडेनं चालत होतो. एक म्हातारे शेतकरी फळी वर ओढून पाणी सोडत होते. सऱ्यांच्या तोंडाशी फावड्यानं माती ओढायची, पाणी वळवायचं, ती सरी भरली की पुढची. अण्णा उभे राहून बघत राहिले आणि न राहवून म्हणाले, "दारं धरतोय तो." मग बूट काढून, पँट दुमडून ते बांधावर उतरले. भाषा कुणालाच लागली नाही. शेतकऱ्यानं फावडं पुढे केलं, अण्णांनी दोन सऱ्या भिजवल्या. पाणी कुठे फुटू पाहतंय ते त्यांच्या आधी त्यांच्या हाताला कळत होतं.

समुद्राकडेही आम्ही गेलो, तेही काबान्यालला. कोळ्यांची ही वस्ती एकोणिसाव्या शतकात साठ वर्षं स्वतंत्र गाव होती. १८९७ मध्ये शहरात आली. ठेंगणी घरं, दर्शनी भिंतींवर हिरव्या-निळ्या फरशा, एकीसारखी दुसरी नाही. शहरातला मोठा रस्ता या वस्तीतून कापत समुद्रापर्यंत न्यायची योजना होती; शेकडो घरं पडणार होती. रहिवाशांनी वर्षानुवर्षं लढून ती थांबवली. जुन्या पात्रातल्या हमरस्त्याची आठवण झालीच. इथला ईस्टर समुद्राचा असतो. गुड फ्रायडेला सकाळी ख्रिस्ताच्या मूर्ती वाळूवर नेऊन समुद्रात गेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, आणि शनिवारी मध्यरात्री, घंटा वाजू लागल्या की, सज्जांतून जुनी मडकी, ताटं आणि बादल्या भरभरून पाणी रस्त्यावर फेकतात. आम्ही भिंतीला चिकटून उभे होतो. सगळी गल्ली ओली, खापऱ्यांचा खच, आणि लोक हसतायत. नंतर एका बारमध्ये 'तितायना' खाल्ली: टोमॅटो, ढोबळी मिरची, पाइनचे दाणे आणि खारवलेल्या ट्यूनाच्या पोटाचे तुकडे, तेलात संथ शिजवलेले. पावाबरोबर खातात. आमच्या टेबलावर ती दोनदा आली.

आता भात. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा आहे, गोड्या पाण्याचं मोठं उथळ सरोवर. समुद्रापासून वाळूच्या आणि पाइनच्या पट्टीनं तोडलेलं. भोवती कोसच्या कोस भातखाचरं. सरोवराचं पाणी समुद्राला मिळतं तिथं दरवाजे आहेत. पातळी कधी किती ठेवायची हे भातशेतकऱ्यांचं मंडळ ठरवतं. म्हणजे खाचरं कधी बुडणार आणि कधी उघडी पडणार, तेही. एप्रिलमध्ये सगळं कोरडं होतं, नांगरट चालू होती, मागे बगळ्यांची रांग. पाणी मेमध्ये येतं, कापणी सप्टेंबरात. एल पाल्मार हे गाव पूर्वी सरोवरातलं बेटच होतं. तिथं एका खानावळीत आम्ही पाएया सांगितली आणि मागच्या अंगणात चुलीपाशी जाऊन उभे राहिलो. मालकीणबाईंनी हाकललं नाही.

लाकूड संत्र्याचं. पसरट लोखंडी तव्यात ऑलिव्हचं तेल, त्यात कोंबडीचे आणि सशाचे तुकडे, लालसर होईपर्यंत, घाई न करता. मग चपट्या हिरव्या शेंगा आणि 'गारोफो' म्हणजे पांढऱ्या, मोठ्या, लोण्यासारख्या वालाचे दाणे. मध्ये जागा करून किसलेला टोमॅटो, त्यावर लाल मिरचीची पूड, आणि ती करपायच्या आत पाणी. केशर, मीठ. हे पाणी बराच वेळ उकळून त्याचा रस्सा होतो, मग तांदूळ. तांदूळ सगळीकडे सारखा पसरला की पुन्हा चमचा लावायचा नाही. शेवटी रोझमेरीची काडी. मासे नाहीत, कोळंबी नाही. समुद्रातलं घातलेले भात वेगळे, त्यांची नावं वेगळी. या मूळ पाएयाबद्दल तिथली माणसं फार हळवी आहेत आणि मला ते पटतं. खाचरातलं, परसातलं आणि पाटाकाठचं जे मिळतं, त्याचा हा भात आहे.

तांदूळ होता 'बोंबा'. दाणा आखूड, गोलसर. स्वतःच्या दोन-तीन पट रस्सा पितो आणि फुटत नाही. रोप उंच, वाऱ्यानं लोळतं, उतारा कमी, म्हणून महाग. अण्णा म्हणाले, आंबेमोहोराचीही हीच कथा. भाताचा थर बोटभरच असतो, त्यामुळे प्रत्येक दाण्याला तव्याची आच लागते, आणि बुडाशी खरपूस पापुद्रा धरतो, तो 'सोकारात'. त्यासाठी भांडणं होतात. तवा टेबलाच्या मधोमध ठेवला, लाकडी चमचे दिले. ज्यानं त्यानं आपल्या समोरचा तुकडा काठापासून मध्याकडे खायचा, शेजाऱ्याच्या हद्दीत जायचं नाही. मी एरवी भाताची फारशी भक्त नाही. त्या दुपारी खरवडून तवा पुसला. पाएया दुपारीच खावी. रात्री मागणाऱ्याला ती मिळते, पण स्थानिक माणूस मागत नाही.

त्याच खानावळीत 'आल इ पेब्रे' होतं, लसूण आणि लाल मिरचीच्या रश्श्यात शिजवलेला वाम आणि बटाटे. आल्बुफेराचा सगळ्यात जुना मानाचा पदार्थ. आम्ही तो घेतला नाही. युरोपातला वाम नामशेष होण्याच्या काठावर आहे, आणि तिथल्या पाण्यातही तो आता फार कमी सापडतो.

दक्षिणेला कोण राहतं, ते आम्ही शेवटी बघितलं. पाइपोर्ता, कातारोजा, आल्फाफार: नव्या पात्राच्या पलीकडची, नोकरदारांची, कारागिरांची, जुन्या शेतकऱ्यांची गावं. २९ ऑक्टोबर २०२४ ला वरच्या डोंगरात ढग अडकले. तूरिस इथं एका दिवसात ७७० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ झाला होता, त्यावरून आपल्याला अंदाज येईल. नव्या पात्रानं तूरियाचं पाणी पेललं; जुनं शहर आणि ती सुंदर बाग कोरडी राहिली. पण या गावांवर पाणी आलं ते पोयो नावाच्या, एरवी कोरड्या ठणठणीत ओढ्यातून. खुद्द गावांत पाऊस जवळजवळ नव्हता. संध्याकाळची वेळ, लोक दुकानांत, गाड्या वर काढायला तळघरांत उतरलेले. मोबाइलवर धोक्याचा संदेश रात्री आठ वाजून गेल्यावर आला, तोवर रस्त्यांच्या नद्या झाल्या होत्या. व्हॅलेन्सिया प्रांतात २२० हून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवसापासून शहरातली तरुण मुलं झाडू आणि फावडी खांद्यावर टाकून, पूल ओलांडून, हजारोंनी पायी या गावांकडे आली. धाकटीही त्यांत होती. तिनं तेव्हा फोनवर आम्हाला फार थोडं सांगितलं होतं.

कातारोजाला लोकल गाडीनं गेलो. बऱ्याच दुकानांची शटर नवी होती. एका बारमध्ये कॉफी घेतली. मालकानं आतला एक खांब मुद्दाम रंगवला नव्हता. चिखलाची रेघ अण्णांच्या खांद्याच्या वर होती. धाकटीमार्फत अण्णांनी त्याला विचारलं, पाणी आधी कुठल्या बाजूनं दिसलं, किती वेळात चढलं, पूल कुठे तुंबला. या प्रश्नांचं मला दडपण आलं होतं, पण तो माणूस बसला आणि कागदी रुमालावर ओढा काढून दाखवायला लागला. वळण, पूल, वसाहत, आल्बुफेरा. चिखल, गाड्या, फर्निचर सगळं शेवटी भातखाचरांत जाऊन पडलं होतं, आणि पेरणीआधी ते शेतकऱ्यांनी वेचून काढलं. दोघं बराच वेळ त्या नकाशावर वाकून होते. निघताना अण्णांनी तो रुमाल मागून घेतला. नंतर आम्ही ओढ्याच्या पुलावर जाऊन आलो. खाली रुंद, दगडगोट्यांचं, कोरडं पात्र. "नदीला सगळे घाबरतात," अण्णा म्हणाले. "ओढ्याला कुणी विचारत नाही, कारण तो वर्षभर रिकामा असतो."

पुण्याला परतल्यावरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी मला लवकर उठवलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला तेव्हा आमच्या ओळखीतल्यांची घरं छातीभर पाण्यात गेली होती, माणसंही गेली होती. अण्णांना तो ओढा कात्रजच्या तलावापासून मुठेला मिळतो तिथपर्यंत पायी बघायचा होता. काही ठिकाणी काठावरून वाटच नाही, सोसायट्यांच्या भिंती थेट पात्रात उतरलेल्या. तिथं वळसे घालत, पुढच्या पुलावरून डोकावत आम्ही गेलो. ते वहीत प्रत्येक पुलाशी पात्राची रुंदी पावलांनी मोजून लिहीत होते. अरण्येश्वरपाशी एका चहावाल्यानं विचारलं, आजोबा, महापालिकेकडून आलात का? अण्णांनी त्याला बाकावर बसवलं आणि त्या रात्री पाणी आधी कुठल्या बाजूनं दिसलं, ते विचारलं.